साचा तोच, सारण वेगळे

(मोठ्या गटासाठी पाठ. लहान गटातल्या मुलांना पालकांनी पहिले तीन भाग वाचून दाखवावेत.)



गणपतीत घरोघरी मोदक होतात. ज्यांना हाताने कळ्या पाडता येतात ते भाग्यवान. बाकीचे आपण साचा वापरतो. साच्यातून निघालेले सगळे मोदक दिसायला सारखेच. पण एकाच्या पोटात नारळ-गूळ, दुसऱ्याच्या पोटात खवा, आणि इथे वाढलेल्या मुलांच्या हट्टामुळे तिसऱ्याच्या पोटात चॉकलेटसुद्धा! कोणता मोदक कोणत्या घरचा, हे घास घेतल्यावर कळते.

प्रेमकथेवरच्या चित्रपटांचेही तसेच आहे. वर्गात चित्रपटांचा विषय निघाला की मुले हमखास म्हणतात, "पण सगळ्यांची गोष्ट एकच असते!" हे म्हणणे खोटे नाही. मग एकच गोष्ट लोक पिढ्यान्‌पिढ्या पैसे देऊन का पाहतात? आजी, आई आणि नात या तिघींनी वेगवेगळ्या काळात जवळपास तीच कथा पाहिली आणि तिघींनाही ती आपली वाटली, असे का होते? या पाठात आपण एक साचा हातात घेऊ, त्यातून निघालेले काही चित्रपट शेजारी शेजारी ठेवू आणि आत काय भरले आहे ते पाहू.

१. साच्याच्या सहा खुणा

आम्ही निवडलेला साचा आहे "घरातून पळालेली श्रीमंत मुलगी". फळ्यावर लिहायचा झाला तर तो असा:

(१) एक लाडात वाढलेली श्रीमंत मुलगी. घरात सत्ता वडिलांची.
(२) तिला एका झगमगीत माणसाशी लग्न करायचे असते. वडील "नाही" म्हणतात. ती पळते.
(३) वाटेत एक तरुण भेटतो. खिसा रिकामा, जीभ तिखट. आधी दोघांचे भांडण होते.
(४) एकत्र प्रवास. पैसे संपतात, हाल होतात, मने जुळतात.
(५) गैरसमज. त्याने आपल्याला फसवले असे तिला वाटते. ती घरी परत येते आणि पहिल्याच माणसाशी लग्नाला उभी राहते.
(६) ऐन लग्नातून ती पुन्हा पळते, या वेळी खऱ्या प्रेमाकडे.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. या कथेत मुलगी दोनदा पळते. पहिल्या आणि दुसऱ्या पळण्यात मोठा फरक आहे. तो कोणता, हे आपण पुढे पाहणारच आहोत.

२. एक गोष्ट, तीन चित्रपट

हा साचा ज्या चित्रपटामुळे जगभर गेला तो अमेरिकेतला, १९३४ सालचा "इट हॅपन्ड वन नाइट". दिग्दर्शक फ्रँक काप्रा. क्लार्क गेबल आणि क्लॉडेट कोलबर्ट हे नायक-नायिका. सॅम्युअल हॉपकिन्स ॲडम्स यांच्या "नाइट बस" या १९३३ सालच्या कथेवरून तो केला होता. उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, नायक, नायिका आणि पटकथा ही पाचही महत्त्वाची ऑस्कर पारितोषिके एकाच चित्रपटाला मिळण्याची ती पहिली वेळ.

यातली एली ही बड्या सावकाराची मुलगी. तिने किंग वेस्टली नावाच्या, विमाने उडवणाऱ्या छानछोकी माणसाशी परस्पर लग्न उरकले आहे. वडिलांना ते मोडायचे आहे. एली वडिलांच्या बोटीवरून समुद्रात उडी टाकते आणि न्यूयॉर्कला जाणारी बस पकडते. बसमध्ये तिला पीटर भेटतो. तो वार्ताहर आहे आणि त्याची नोकरी नुकतीच गेली आहे. वडिलांनी मुलीला शोधून देणाऱ्यास १०,००० डॉलरचे बक्षीस लावले आहे.

रात्री दोघांना एकाच खोलीत मुक्काम करावा लागतो, तेव्हा पीटर दोन खाटांच्या मध्ये दोरी बांधून तिच्यावर घोंगडी टाकतो. त्या घोंगडीला तो "जेरिकोची भिंत" म्हणतो. जेरिको हे बायबलमधल्या गोष्टीतले नगर. त्याची तटबंदी रणशिंगांच्या आवाजाने कोसळली. चित्रपट संपताना एक खेळण्यातले शिंग वाजते आणि घोंगडी खाली पडते. दोघांचे लग्न झाले हे प्रेक्षकाला न दाखवताच कळते.

दुसरा चित्रपट १९५६ सालचा हिंदी "चोरी चोरी". दिग्दर्शक अनंत ठाकूर. राज कपूर वार्ताहर सागर आणि नर्गिस पळालेली कम्मो. तिला हवा असलेला माणूस वैमानिक आहे, आणि त्याचा डोळा पैशावर आहे हे वडिलांनी ओळखले आहे. यातल्या गाण्यांसाठी शंकर-जयकिशन यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. नायक-नायिका म्हणून राज कपूर आणि नर्गिस यांचा हा अखेरचा चित्रपट. आपल्यापैकी अनेकांच्या आजी-आजोबांना त्यातली गाणी तोंडपाठ असतील. विचारून पाहा.

तिसरा १९९१ सालचा "दिल है कि मानता नहीं". दिग्दर्शक महेश भट्ट, नायक आमिर खान, नायिका पूजा भट्ट. म्हणजे पडद्यामागे दिग्दर्शक आणि नायिका खरेच बाप-लेक! पडद्यावरचे वडील मात्र अनुपम खेर. मुंबईच्या धनाढ्य शेटजींची ही लेक बोटीवरून उडी मारते आणि बंगलोरच्या बसमध्ये बसते, कारण तिला एका सिनेनटाशी लग्न करायचे आहे. बसमध्ये भेटतो तो पुन्हा वार्ताहरच, आणि त्याचीही नोकरी गेलेली.

पहिल्या चित्रपटापासून तिसऱ्यापर्यंत सत्तावन्न वर्षे झाली. तीन वेगळ्या पिढ्या आणि दोन देश. तरी बस तीच, भांडण तेच, गैरसमज तोच.

३. सारण कुठे बदलले?

पहिला फरक नवरदेवात आहे. १९३४ आणि १९५६ मध्ये विमान उडवणारा माणूस म्हणजे झगमगाटाची कमाल. १९९१ पर्यंत विमानप्रवासाचे अप्रूप कमी झाले होते, म्हणून तिथे सिनेनट आला. त्या त्या काळात तरुण मुलीचे डोळे कशाने दिपत, हे या एका पात्रावरून कळते. आज हाच चित्रपट काढला तर तो माणूस कोण असेल? वर्गात चर्चा करू.

दुसरा फरक लग्नाचा. अमेरिकन एलीचे पहिले लग्न कायद्याने होऊन गेलेले आहे. शेवटी वडील भलीमोठी रक्कम मोजून ते रद्द करून घेतात. हिंदीतल्या दोन्ही मुलींचे लग्न झालेले नाही, फक्त करायचे आहे. एकदा लग्न झालेली नायिका दुसऱ्यावर प्रेम करते, हे हिंदी चित्रपटाला अवघड गेले असते. कथा उसनी घेतली, पण ही गाठ सोडवूनच घेतली.

तिसरा फरक गरिबीचा. १९३४ मध्ये अमेरिकेत महामंदी होती आणि लाखो लोक बेकार होते. बसमधली एक बाई भुकेने भोवळ येऊन पडते आणि तिचा लहान मुलगा रडू लागतो, असा प्रसंग त्या विनोदी चित्रपटात आहे. श्रीमंत मुलीला सामान्य लोकांच्या बसमध्ये बसवण्यामागे तेच कारण होते: तिने आपला देश पाहावा. हिंदीत येईपर्यंत त्या जागेवर गाणी आणि निसर्ग जास्त आला.

आता न बदललेल्या गोष्टी. नायक तिन्ही वेळा वार्ताहरच का? कारण तो शिकलेला असूनही गरीब असतो, आणि मुलीची बातमी विकून त्याला पैसे मिळू शकतात. म्हणजे त्याची परीक्षा घेणे सोपे जाते: तो प्रेम विकतो की नाही? १९३४ च्या चित्रपटात पीटर मुलीच्या वडिलांकडे जातो आणि १०,००० डॉलरच्या बक्षिसाऐवजी प्रवासात झालेला खर्च तेवढा मागतो. तो किती? ३९ डॉलर आणि ६० सेंट! या हिशेबाने वडील त्याला ओळखतात. वधूला मांडवाकडे नेताना तेच तिच्या कानात सांगतात की माणूस चांगला आहे, बाहेर गाडी उभी आहे, पळ. १९९१ मध्ये अनुपम खेर हेच काम करतात.

आता दोन पळण्यांतला फरक सापडला ना? पहिल्यांदा मुलगी वडिलांच्या इच्छेविरुद्ध पळते आणि तिची निवड चुकलेली निघते. दुसऱ्यांदा ती वडिलांच्या संमतीने पळते आणि ती निवड बरोबर ठरते. वरवर पाहता ही बंडाची कथा. आत पाहिले तर मुलीची पसंती आणि घराची पसंती शेवटी एकच निघावी, अशी त्यात सोय करून ठेवली आहे. म्हणून तर हा चित्रपट मुलगी आणि वडील एकाच सोफ्यावर बसून पाहू शकतात. तिला वाटते, ती जिंकली. त्यांना वाटते, आपले बरोबर निघाले.

४. थोडे व्याकरण: पळून जाणे आणि पळवून नेणे

मराठीत यासाठी दोन शब्दप्रयोग आहेत आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

"ती पळून गेली." इथे कर्ता ती. निर्णय तिचा.
"त्याने तिला पळवून नेले." इथे कर्ता तो. ती कर्म झाली.

"पळवणे" हे "पळणे"चे प्रयोजक रूप आहे. (करणे–करवणे, हसणे–हसवणे, तसे.) गंमत अशी की एकाच घटनेला एका घरचे लोक "पळून गेली" म्हणतात आणि दुसऱ्या घरचे "पळवून नेली". वाक्यातला कर्ता बदलला की दोष कोणाला द्यायचा तेही बदलते.

जुन्या गोष्टीतही हे दिसते. विदर्भाची राजकन्या रुक्मिणी. तिचे कौंडिण्यपूर आज अमरावती जिल्ह्यात दाखवतात. तिचा भाऊ रुक्मी तिचे लग्न शिशुपालाशी लावू पाहतो. घरातल्या इतरांना कृष्णच पसंत असतो, पण भावापुढे कोणाचे चालत नाही. रुक्मिणी कृष्णाला निरोप पाठवते, आणि कृष्ण येऊन तिला रथातून नेतो. या कथेला कोणी "रुक्मिणीहरण" म्हणतात. सोळाव्या शतकात संत एकनाथांनी याच कथेवर मराठीत ग्रंथ लिहिला, त्याचे नाव "रुक्मिणीस्वयंवर". हरण म्हणजे दुसऱ्याने नेणे. स्वयंवर म्हणजे स्वतः वर निवडणे. प्रसंग एकच, पण पहिल्या नावात ती कर्म आहे आणि दुसऱ्या नावात कर्ता.

प्रेमकथेचा चित्रपट पाहताना हा प्रश्न मनात ठेवा: या वाक्याचा कर्ता कोण?

५. १९९५: पळायला नकार

"दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे" बहुतेक घरांत पाहिलेला असतो, आणि इथल्या मुलांना तो जवळचा वाटतो, कारण त्याची सुरुवातच लंडनमध्ये, ट्राफल्गर चौकातल्या कबुतरांपाशी होते. आदित्य चोप्रा यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिलाच चित्रपट. मुंबई सेंट्रलजवळच्या मराठा मंदिर चित्रपटगृहात त्याने हजाराहून अधिक आठवडे पूर्ण केले.

इथे साच्याला एक नवा पीळ दिला आहे. सिमरनचे लग्न वडिलांनी मित्राच्या मुलाशी, पंजाबात, ती लहान असतानाच ठरवून टाकले आहे. युरोपच्या प्रवासात तिला राज भेटतो. प्रवास, भांडण, मग प्रेम, हे सगळे ठरल्याप्रमाणे. मुलीची आई स्वतःचे दागिने राजच्या हातात देऊन म्हणते, हिला घेऊन जा. म्हणजे इथे पळून जायला आईची परवानगी आहे! पण राज नाही म्हणतो. त्याला वडिलांचा होकार हवा आहे. शेवटी रेल्वे फलाटावर वडील मुलीचा हात सोडतात आणि ती धावत्या गाडीकडे पळते.

पुन्हा तेच. शेवटचे पळणे वडिलांच्या संमतीने. योगायोग पाहा: राजच्या वडिलांचे काम याही चित्रपटात अनुपम खेर यांनीच केले आहे.

परदेशातल्या आपल्यासारख्या कुटुंबांना हा चित्रपट फार आवडला, यात नवल नाही. मुले इथली होतील, तरी आपल्या शब्दाबाहेर जाणार नाहीत, हा दिलासा त्यात पालकांना मिळाला. आणि आपण इथले असलो तरी घरच्यांना जिंकता येते, हा दिलासा मुलांना मिळाला.

पण दोन गोष्टी आम्हांला मुलांच्या लक्षात आणून द्यायच्या आहेत. पहिली: राज वडिलांची संमती मागतो, आईने दिलेली संमती त्याला पुरत नाही. घरात "हो" म्हणण्याचा अधिकार कोणाचा धरला जातो, हे इथे दिसते. दुसरी: सिमरनला तिच्या लग्नाबद्दल वडील विचारतच नाहीत. चित्रपटात हे गाण्यांच्या ओघात निघून जाते. पुढे आपण त्याकडे परत येऊ.

६. मराठीतली दोन टोके

आता आपल्या भाषेतले दोन चित्रपट.

२०१० सालचा "मुंबई-पुणे-मुंबई". दिग्दर्शक सतीश राजवाडे, कलाकार स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे. मुंबईची मुलगी पुण्याला येते ती आईने सुचवलेल्या स्थळाला नकार द्यायला. वाटेत पत्ता विचारताना एक तरुण भेटतो. दिवसभर दोघे पुण्यात हिंडतात, मुंबई चांगली की पुणे यावर वाद घालतात आणि एकमेकांना आवडू लागतात. शेवटी कळते की ज्याला नकार द्यायला ती आली होती, तो हाच!

इथे बोट नाही, बस नाही, रागीट वडीलही नाहीत. मुलगी नोकरी करणारी आणि स्वतंत्र आहे. तरी साच्याचा गाभा तोच. तिने स्वतः निवडलेला मुलगा आणि घरच्यांनी सुचवलेला मुलगा एकच निघाला. कांदेपोह्यांचा कार्यक्रम टळला, पण स्थळ तेच राहिले. हसतखेळत का होईना, घराचा शब्द राखला गेला.

दुसरे टोक म्हणजे २०१६ सालचा नागराज मंजुळे यांचा "सैराट". सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा भागात त्याचे बरेचसे चित्रण झाले. आर्ची म्हणजे गावच्या बड्या पाटलांची मुलगी. परश्या मासेमारी करणाऱ्या, खालच्या मानल्या गेलेल्या जातीतल्या घरचा. रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर यांची ही पहिलीच कामे. संगीत अजय-अतुल यांचे.

चित्रपटाचा पहिला अर्धा भाग साच्यातून काढल्यासारखा आहे. गाणी, चोरून भेटणे, मित्रांची मदत, आणि बुलेट चालवणारी नायिका. मग दोघे पळतात. आणि आर्चीला कोणी "पळवून नेलेले" नाही, तिचा निर्णय तिचा आहे. इतर चित्रपट जिथे संपतात तिथून या चित्रपटाचा दुसरा भाग सुरू होतो. हैदराबादची झोपडपट्टी, परकी भाषा, कामधंदा, संशय, भांडण, समेट, स्वतःचे घर, लहान मूल. शेवटी आर्चीचा भाऊ आणि नातेवाईक माहेरची भेट घेऊन दारात येतात. प्रेक्षकाला वाटते, आता साच्याप्रमाणे घरच्यांचा होकार आला. आणि ते दोघांचा खून करतात.

(लहान मुलांना हा चित्रपट दाखवू नये. मोठ्या मुलांनी पालकांबरोबर पाहावा आणि नंतर त्यावर बोलावे.)

"सैराट"चा शेवट इतका जिव्हारी का लागतो? कारण आपण साचा ओळखून बसलेलो असतो. भेटवस्तू दिसल्या की मन सैल होते. दिग्दर्शकाने साचा मोडला तो त्याच क्षणी.

७. साचा काय झाकून ठेवतो?

आता सगळे चित्रपट एका ओळीत ठेवून पाहू. १९३४, १९५६ आणि १९९१ मध्ये दोघांच्या मधली भिंत पैशाची आहे. पैशाची भिंत पडू शकते. नायकाने बक्षीस नाकारले, खर्चापुरते पैसे मागितले, की तो प्रामाणिक ठरला आणि वडील विरघळले. मराठी रंगभूमीवर कृ. प्र. खाडिलकरांचे "संगीत मानापमान" १९११ साली आले, त्यातही हेच आहे. श्रीमंत भामिनी गरीब म्हणून धैर्यधराला तुच्छ लेखते, मग वनमाला या नावाने साधी मुलगी बनून त्याच्या सहवासात येते आणि त्याचे गुण तिला कळतात. चांगुलपणा सिद्ध केला की पैशाचे अंतर मिटते.

जातीचे तसे नाही. परश्या अभ्यासात हुशार आहे, कष्टाळू आहे, आर्चीवर त्याचे खरे प्रेम आहे. त्याने आणखी काय सिद्ध करायचे होते? जात ही परीक्षा देऊन ओलांडता येत नाही, कारण तिथे माणसाचा स्वभाव कोणी पाहतच नाही. म्हणूनच प्रेमपटांनी गरीब-श्रीमंत ही भिंत पुन्हा पुन्हा दाखवली आणि जातीची भिंत क्वचितच दाखवली. दाखवली तेव्हा गोड शेवट करणे जड गेले. १९३६ साली बॉम्बे टॉकीजचा "अछूत कन्या" आला. अशोक कुमार ब्राह्मण तरुण आणि देविका राणी दलित मुलगी. त्यात नायिका शेवटी आगगाडीखाली मरते. "सैराट" त्यानंतर ऐंशी वर्षांनी आला, आणि भिंत उभीच होती.

मग साच्यातले चित्रपट वाईट का? नाही. तेही आपण आवडीने पाहतो, पुढेही पाहू. त्यांतून दोन पिढ्यांचे एकच स्वप्न दिसते: कोणालाही न दुखावता आपले माणूस मिळावे. स्वप्न वाईट नाही. पण संमती कोणाची लागते, याबाबत साचा आणि कायदा यांची उत्तरे वेगळी आहेत, आणि मुलांना दोन्ही माहीत हवीत.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी स्पष्ट सांगितले की दोन सज्ञान व्यक्तींनी लग्नाचा निर्णय घेतला की त्यासाठी कुटुंबाची, समाजाची किंवा कुळाची संमती आवश्यक नाही. इथे इंग्लंड आणि वेल्समध्ये जून २०१४ पासून कोणालाही जबरदस्तीने लग्न करायला लावणे हा गुन्हा आहे. त्यासाठी फसवून परदेशी नेणे हाही गुन्हा आहे. फेब्रुवारी २०२३ पासून लग्नाचे किमान वय अठरा आहे.

इथे एक फरक नीट समजून घ्या. घरच्यांनी स्थळ सुचवणे, चौकशी करणे, पोहे करणे, यात काहीही गैर नाही. त्याला ठरवून केलेले लग्न म्हणतात, आणि आपल्यापैकी किती तरी आई-वडिलांची लग्ने तशीच झाली आहेत. त्यात "नाही" म्हणायची मोकळीक असते. ती मोकळीक काढून घेतली की ते जबरदस्तीचे लग्न होते. दोहोंत फरक एकाच शब्दाचा आहे, आणि तो शब्द मुलीला किंवा मुलाला उच्चारता आला पाहिजे. सिमरनला पंजाबात नेले तेव्हा तिला तो उच्चारता आला असता का?

पालकहो, पडद्यावरचे वडील शेवटच्या पाच मिनिटांत बदलतात, कारण चित्रपट अडीच-तीन तासांत संपवायचा असतो. आपल्याकडे बरीच वर्षे आहेत. कोणते स्थळ आपण नाकारू आणि ते का, हे मुलांनी आपल्याला आज विचारले तर आपण काय सांगू? स्वभाव म्हणून, शिक्षण म्हणून, की जात, धर्म, रंग म्हणून? मुले चित्रपट पाहताना हा प्रश्न मनातल्या मनात विचारतच असतात. त्यांनी तो मोठ्याने विचारावा, एवढी जागा घरात ठेवू या.

शब्दार्थ

साचा – एकसारखा आकार देण्याचे साधन, ठरावीक पद्धत
सारण – मोदक, करंजी यांच्या आत भरायचा गोड पदार्थ
छानछोकी – नटण्यामुरडण्याची आणि चैनीची आवड असलेला
अप्रूप – नवलाई
स्थळ – (इथे) लग्नासाठी सुचवलेला मुलगा किंवा मुलगी
कांदेपोह्यांचा कार्यक्रम – लग्न ठरवण्यासाठी दोन घरांनी भेटणे
सैराट – मोकाट, लगाम नसलेले
समेट – भांडण मिटणे
सज्ञान – कायद्याने मोठा झालेला. अठरा वर्षे पूर्ण झालेला
जिव्हारी लागणे – मनाला खोल दुखणे

स्वाध्याय

१. रिकाम्या जागा भरा.
(अ) पीटरने मुलीच्या वडिलांकडे ______ डॉलर आणि ______ सेंट मागितले.
(आ) "चोरी चोरी" ______ साली आला.
(इ) "पळवणे" हे "पळणे"चे ______ रूप आहे.

२. पुढील वाक्यांतला कर्ता ओळखा आणि दोन्ही वाक्यांच्या अर्थांतला फरक लिहा.
(अ) आर्ची परश्याबरोबर पळून गेली.
(आ) परश्याने आर्चीला पळवून नेले.
"सैराट" पाहिलेल्यांनी सांगा: यातले कोणते वाक्य खरे?

३. "रुक्मिणीहरण" आणि "रुक्मिणीस्वयंवर" यांपैकी तुम्ही कोणते नाव निवडाल? कारण चार ओळींत लिहा.

४. पहिल्या भागातल्या सहा खुणा घ्या. घरी पाहिलेल्या कोणत्याही एका प्रेमकथेच्या चित्रपटात त्यांतल्या किती सापडतात ते मोजा. जी सापडली नाही, तिच्या जागी काय आले?

५. आई, बाबा, आजी किंवा आजोबा यांपैकी एकाला विचारा: तुमचे लग्न कसे ठरले? आधी कोणाला विचारले? शेवटचा शब्द कोणाचा होता? तुम्हांला "नाही" म्हणता आले असते का? उत्तर मराठीत दहा ओळींत लिहून पुढच्या वर्गाला आणा. ज्यांना घरची गोष्ट वर्गात वाचायची नसेल त्यांनी वही फक्त बाईंना दाखवावी.